कळकलेली कॉफी

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहिलं की ते कळकतं. आधी आंबट लागतं, मग नाणं चोखल्यासारखं, आणि गिळून झाल्यावरही जीभ टाळूला चिकटून राहते. आमच्या एस्प्रेसो मशीनमधून निघालेली पहिली कॉफी सासूबाईंनी चमचाभर चाखली, चमचा ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "कळकलंय गं हे."

मशीनला कल्हई लागत नाही, असं मी त्यांना सांगितलं.

"मग करणारीला लागत असेल."

ही दीड वर्षापूर्वीची, फेब्रुवारीतली गोष्ट. मशीन घेतलं ते हिशेबाच्या जोरावर. माझं ऑफिस बीकेसीत, खालच्या कॅफेत कॅपुचिनो दोनशे ऐंशी रुपयांना. महिन्याचे बावीस दिवस धरले तर सहा हजारांच्या वर जातात. हा आकडा नवऱ्यापुढे ठेवला तेव्हा त्याने "मग पिऊ नकोस" असा तोडगा काढला. तो मी विचारात घेतला नाही. पवईतलं एक जोडपं देश सोडून चाललं होतं, त्यांचं तीन वर्षं वापरलेलं इटालियन मशीन वीस हजारांत मिळालं. स्टीलचं अंग, आत एकच बॉयलर, समोर तीन बटणं, वजन आठ-नऊ किलो. पवईहून मुलुंडला येताना रिक्षात मी ते मांडीवर धरलं होतं. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "शिलाई मशीन का, ताई?"

ओट्यावर जागा व्हावी म्हणून मिक्सर फ्रिजच्या माथ्यावर गेला आणि चटणी वाटायची म्हटली की स्टूल घ्यावं लागू लागलं. त्यावरून घरात जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही.

कॉफीच्या आधी विजेचं सांगते, कारण तिथेच पहिला फटका बसला. मशीन चौदाशे वॉटचं, प्लग परदेशी घाटाचा. मी एक साधा ॲडॅप्टर लावून तो ओट्यावरच्या लहान सॉकेटमध्ये खुपसला. तिसऱ्या दिवशी प्लास्टिक जळल्याचा वास आला. इलेक्ट्रिशियन येऊन बघतो तर ॲडॅप्टर मेणासारखा वाकलेला. "ताई, हा मोबाइल चार्जरचा पॉइंट आहे. तुम्ही इथे गिझर लावलात असं समजा." मग जाड वायर ओढून सोळा ॲम्पिअरचा वेगळा पॉइंट काढला आणि मशीनचा प्लगच बदलून घेतला. मशीन घरी यायच्या आधी हे करून ठेवा.

मशीनबरोबर लांब दांड्याचा पोर्टाफिल्टर आला, म्हणजे पूड भरून मशीनला अडकवायची पळी. सासूबाई त्याला पहिल्या दिवसापासून डाव म्हणतात, आता मीही म्हणते. त्यात बसणाऱ्या दोन वाट्या आल्या. एकीच्या तळाला चाळणीसारखी शेकडो बारीक भोकं. दुसरीला दुहेरी तळ, आणि बाहेरच्या तळाला सुईच्या टोकाएवढं एकच भोक. पवईवाले दुसरीच वापरत. तिच्यात कसलीही पूड घाला, पाणी त्या एका भोकातून पिचकारीसारखं सुटतं आणि कपात छान तांबूस फेस दिसतो. दिसतोच फक्त. तोंडात साबणाच्या फेसासारखा विरून जातो. मला खरी कॉफी हवी होती, म्हणून मी मोठ्या रुबाबात साधी वाटी घेतली. तिच्यात घरात होती ती माटुंग्याची फिल्टर कॉफीची पूड भरली, ऐंशी-वीस, म्हणजे वीस टक्के चिकोरी. बटण दाबलं. सात सेकंदांत कप भरला. तीच ती कळकलेली.

आपल्याकडे मशीनवर '१५ बार' असं ठळक लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं, मशीनमध्ये दाब भरून ठेवलाय. तसं नसतं. पंधरा ही पंपाची कमाल ताकद. कॉफीला हवा असतो साधारण नऊ बार, आणि तोही पंप नुसता चालून तयार होत नाही. पाण्याला कोणीतरी अडवलं तर दाब येतो. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवल्याशिवाय पाणी लांब उडत नाही, तसं. इथे अंगठा म्हणजे कॉफीची पूड. माझी पूड जाड होती, अंगठाच नव्हता, म्हणून पाणी सरळ निघून गेलं आणि जाताना फक्त वरवरचा आंबटपणा घेऊन गेलं.

नऊ बार म्हणजे किती, हे मला कुकरवरून कळलं. कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बारने जास्त असतो. एस्प्रेसोची पहिली यंत्रं कुकरच्याच जातीची होती. तुरीनच्या आंजेलो मोरिओंदोने १८८४ साली पेटंट घेतलं, मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ साली. दोघांचीही यंत्रं बॉयलरमधल्या वाफेच्या दाबावर चालत, म्हणजे कुकरच्या थोडं पुढे. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४८ च्या सुमारास, आकिले गाज्जियाची दांडा ओढायची, स्प्रिंगवर चालणारी यंत्रं बाजारात आली. दाब आठ-नऊ बारवर गेला आणि कॉफीवर पहिल्यांदा तो तांबूस थर आला, ज्याला क्रेमा म्हणतात. तेव्हाच्या गिऱ्हाइकांना हा फेस कसला, अशी शंका आली म्हणे. आमच्याकडेही आली. "वर तवंग कसला?" हा सासूबाईंचा दुसरा प्रश्न.

पूड जाड आहे तर बारीक करू, म्हणून मी कॉफीचे दाणे आणले आणि फ्रिजवरून मिक्सर उतरवला. हा मूर्खपणा प्रत्येक जण एकदा करत असावा. मिक्सरचं पातं दाणे दळत नाही, फोडतं. चमचाभर पूड पांढऱ्या कागदावर पसरली तर त्यात मैद्यासारखी भुकटी होती आणि रव्याहून जाड कणही होते. भुकटीतून कडूपणा उतरतो, जाड कण कच्चे राहतात, आणि कपात दोन्ही एकदम येतात. शिवाय त्या भांड्यात आदल्या आठवड्यात गोडा मसाला झाला होता. दगडफुलाची एस्प्रेसो प्यायलेली मुलुंडमधली बहुधा मी एकटीच.

शेवटी नऊ हजारांचा हाताने फिरवायचा ग्राइंडर घेतला. मशीनच्या जवळजवळ निम्मे पैसे एका लोखंडी नळकांड्याला, हे घरात सांगायला मला चार दिवस लागले. पण हे यंत्र कळलं सगळ्यात आधी सासूबाईंनाच. त्यांनी ते उघडून आतली दोन दातेरी पोलादी चाकं पाहिली, त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त करायची कडी फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "जातंच की हे." त्यांच्या माहेरी, संगमेश्वरजवळ, जात्याला टाकी लावायला दर वर्षी बाई यायची. टाकी बोथट झाली की पीठ नुसतं गरम होतं, दळलं जात नाही, हे त्यांना ठाऊक होतं. अठरा ग्रॅम दाणे इतके बारीक दळायला माझ्या हाताला दीड मिनिट लागतं. कडी एक टिक फिरवली की चाकांमधलं अंतर केसाच्याही अंशाने बदलतं, आणि कपात मात्र तीन-चार सेकंदांचा फरक पडतो.

मग वजनकाटा. दाण्यांचं वजन डोळ्यांनी होत नाही, दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या गल्लीत साडेपाचशेला मिळाला. सुरुवात कुठून करायची याचं एक ठरीव माप आहे. अठरा ग्रॅम कोरडी पूड, कपात छत्तीस ग्रॅम कॉफी, आणि बटण दाबल्यापासून पंचवीस ते तीस सेकंद. हा काही धर्म नाही, पण आपण कुठे उभे आहोत ते कळायला खुंटी म्हणून चांगलं.

पहिले दोन आठवडे मी याच खुंटीभोवती गरगरले, कारण रोज दोन-तीन गोष्टी एकदम बदलत होते. आज बारीक दळलं आणि एक ग्रॅम कमी घातली. उद्या जाड दळून जोरात दाबली. चव बदलायची, पण कशामुळे ते सांगता यायचं नाही. नवरा ऑडिटमध्ये आहे. तो एकदाच बोलला आणि ते उपयोगी पडलं: "एका वेळी एकच नोंद बदल, नाहीतर ताळा लागणार नाही." वही शोधत बसण्यापेक्षा फ्रिजशेजारी टांगलेलं कालनिर्णय समोर होतं. दुधाचा हिशेब वर्षानुवर्षं त्याच्याच चौकोनांत होतो. एक लिटर, दीड लिटर, खाडा. त्याच्याखाली मी लिहू लागले. १८–३६–१४, आंबट. १८–३६–१९, आंबट, जरा कमी. १८–३६–२४, बरी. १८–३६–३८, कडू. महिनाअखेरीस दूधवाल्याच्या पोराने हिशेब करताना विचारलं, "हे छत्तीस लिटर कधी घेतलं?"

आता चवीचं. इंग्रजीतून शिकणाऱ्या माझ्यासारखीची गोची अशी की मला आंबट आणि कडू यांतला फरकच नीट कळत नव्हता. दोन्हीला तोंड वाकडं होतं, दोन्हीला मी 'स्ट्राँग' म्हणायचे. एका रविवारी मी तीन कप काढले. एक सोळा सेकंदांत, एक चाळीस सेकंदांत, आणि तिसरा मुद्दाम बिघडवलेला, पूड एका बाजूला कललेली ठेवून. तिन्ही सासूबाईंसमोर ठेवले. त्यांनी मधे पाण्याने चूळ भरत, चमच्या-चमच्याने चाखले.

पहिला. "कच्ची चिंच."

दुसरा. "पाक करपला की पातेल्याच्या बुडाला लागतं ना, ते."

तिसऱ्याला त्या थांबल्या. जीभ दातांवरून फिरवली. "ही आंबट नाही आणि कडूही नाही. ही तुरट आहे. आवळा खाऊन पाणी न पिता बसलं तर कसं होतं."

मी ते तिन्ही शब्द कालनिर्णयावर कोपऱ्यात लिहून ठेवले, ते आजही माझं अख्खं शास्त्र आहे. चिंच लागली तर दाणे बारीक दळा, पाणी फार लवकर निघून गेलंय. करपलं तर जाड दळा, पाणी फार वेळ रेंगाळलंय. आवळा लागला तर दळण्याला हात लावू नका. तिथे पुडीतून पाण्याने चोरवाट काढलेली असते.

चोरवाटेचं थोडं खोलात सांगते, कारण माझे सगळ्यात जास्त दिवस तिच्यात गेले. आमच्या इमारतीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग आतापर्यंत तीनदा झालंय. दर वेळी कंत्राटदार एकच वाक्य बोलतो, "पाणी वाट शोधतं, मॅडम." तडा केसाएवढा असला तरी गच्चीवरचं सगळं पाणी तिथूनच उतरतं आणि आमच्याच बेडरूममध्ये येतं. वाटीतल्या पुडीचंही तेच. दळलेली कॉफी गुठळ्या धरते. एका जागी घट्ट, एका जागी पोकळ राहिली की नऊ बारचं पाणी पोकळ जागेतून घुसतं. त्या वाटेवरची पूड धुऊन निघते, बाकीची जवळजवळ कोरडी राहते. घड्याळात सत्तावीस सेकंद अगदी बरोबर दिसतात आणि चव आवळ्याची.

हे डोळ्यांनी बघायचं म्हणून मी तळ कापलेला डाव आणला. त्यात वाटीचा तळ उघडा दिसतो. सगळं जमलं असेल तर आधी तळावर सगळीकडे काळे ठिपके उमटतात, ते एकमेकांत मिसळतात, आणि मधोमध उंदराच्या शेपटीएवढी एकच धार लागते, मधाच्या रंगाची, किंचित वळत उतरणारी. माझ्या पहिल्या दिवशी तीन बाजूंना तीन बारीक पिचकाऱ्या उडाल्या. एक टाइल्सवर, एक चष्म्यावर आणि एक थेट कालनिर्णयावरच्या संकष्टीच्या चौकोनात.

उपाय साधा निघाला. जुन्या बाटलीच्या बुचात ॲक्युपंक्चरच्या सात बारीक सुया टोचल्या आणि त्यांनी वाटीतली पूड तळापासून वरपर्यंत गोल-गोल ढवळायची, गुठळ्या मोडेपर्यंत. शिवणाच्या सुया जाड पडतात, त्या चर पाडतात. मग डाव ओट्यावर दोनदा हलकेच आपटायचा आणि टॅम्परने, म्हणजे सपाट बुडाच्या दट्ट्याने, दाबायचं. मशीनबरोबर आलेला प्लास्टिकचा टॅम्पर वाटीपेक्षा लहान होता, कडेला पूड सैल राहायची. अठ्ठावन्न मिलिमीटरच्या वाटीत घट्ट बसणारा स्टीलचा घेतला तेव्हा ते थांबलं. किती जोर लावायचा यावर लोक तावातावाने बोलतात. माझं मत, जोर कितीही लावा, रोज सारखा लावा आणि सपाट लावा. कोपर वर गेलं की वडी तिरकी होते. वडी म्हणजे आतून निघणारा चोथा. चांगल्या शॉटनंतर, म्हणजे एका खेपेची कॉफी नीट निघाल्यावर, डाव उलटा आपटला की ती अख्खी पडते, आळूवडीच्या उंड्याच्या कापासारखी. ती आमच्याकडे कढीपत्त्याच्या कुंडीत जाते.

तापमानाने मला निराळं फसवलं. मशीन चालू केल्यावर सात-आठ मिनिटांत दिवा लागतो. दिवा सांगतो बॉयलर तापला. पण ज्या जाड पितळी तोंडाला डाव अडकवायचा ते, आणि डाव, तोवर थंडच असतात. बॉयलरमधून निघालेलं त्र्याण्णव अंशांचं पाणी त्या थंड धातूला शिवत कॉफीपर्यंत पोचतं तेव्हा त्याची धग गेलेली असते, आणि पुन्हा चिंच. डाव मशीनला अडकवूनच वीस-पंचवीस मिनिटं तापू द्यावा लागतो. मला आठची लोकल पकडायची असते. आता सकाळी सव्वासहाला सासूबाई देवापुढे दिवा लावतात आणि परतताना मशीनचं बटण दाबतात. यासाठी मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. एक दिवस मी उठले तर डाव गरम होता.

दाण्यांबद्दल माझा एक मोठा गैरसमज होता, की जितके ताजे तितके चांगले. भाजून दोन दिवस झालेले दाणे मागवले, पिशवीवरची तारीख बघून हरखले. शॉट असा आला की कपात अर्धा फेस, मिनिटभरात बसणारा, खाली पाणचट कॉफी, आणि लागोपाठच्या दोन शॉट्समध्ये आठ सेकंदांचा फरक. भाजलेल्या दाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, तो हळूहळू बाहेर पडतो. तो भरपूर असताना दाबाखाली पाणी टाकलं की सगळी उलथापालथ होते. "नव्या तांदळाचा भात मोकळा होतो का कधी?" सासूबाईंनी विचारलं. तेव्हापासून पिशवी आली की तिच्यावर दहा दिवसांनंतरची तारीख लिहून ती डब्यात जाते. उघडल्यावर तीन आठवड्यांत संपवायची, त्यापुढे वास उतरतो.

कुठले दाणे हा ज्याच्या-त्याच्या जिभेचा प्रश्न, पण सुरुवातीला हलक्या भाजणीच्या वाटेला जाऊ नका. त्या दाण्यांत फळांचा आंबटपणा असतो, ते कठीण असतात, दळायला हात दुखतो, आणि घरगुती मशीनवर चिंचेतून बाहेर येईपर्यंत पिशवी संपते. मी मध्यम-गडद भाजणीवर स्थिरावले. चिकमगळूरचा अरेबिका सत्तर टक्के आणि चांगला धुतलेला रोबस्टा तीस टक्के, या कॉफीच्या दोन जाती. रोबस्टाने क्रेमा जाड येतो आणि दुधात कॉफी बुडत नाही. अरेबिकावाले नाकं मुरडतात, मुरडू देत. चिकमगळूरशेजारच्या डोंगराला बाबा बुडनगिरी म्हणतात. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनच्या मोखाहून सात बिया लपवून आणल्या आणि त्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे.

अधूनमधून मॉन्सून्ड मलबार आणते. जून ते सप्टेंबर मंगळुरूकडच्या गोदामांत कच्चे दाणे पसरून ठेवतात, पावसाळी वारा खेळू देतात, उलथतात, पुन्हा पसरतात. दाणे फुगतात, हिरव्याचे फिके पिवळे होतात, आंबटपणा जवळजवळ मरतो. शिडाच्या जहाजांच्या काळात युरोपात पोचेपर्यंत महिनोन्‌महिने खाऱ्या दमट हवेत दाण्यांचं असंच व्हायचं. प्रवास लवकर होऊ लागले तेव्हा तिकडच्या लोकांना जुनी चव आठवू लागली आणि मग ती मुद्दाम घडवायला लागले, असं सांगतात. पावसाळी वाऱ्यात मुद्दाम दमट केलेले दाणे मी पावसाळ्यात हवाबंद डब्यात जपते, यात काहीतरी गंमत आहे.

कारण मुंबईच्या पावसाने मला पहिल्याच वर्षी धडा दिला. जूनपर्यंत घडी बसली होती, सत्तावीस सेकंदांच्या आत-बाहेर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याच टिकवर शॉट चाळीस सेकंद रखडला. मला वाटलं मशीनमध्ये क्षार धरला. मग ओट्यावर मिठाच्या बरणीकडे लक्ष गेलं, मीठ ओलं. मी कॉफीची मोठी बरणी रोज उघडत होते, म्हणजे रोज दाण्यांना दमट हवा पाजत होते. आता रविवारी सासूबाई मेथी निवडायला बसतात तेव्हा मी काटा घेऊन शेजारी बसते आणि मसाल्याच्या रिकाम्या बाटल्यांत अठरा-अठरा ग्रॅम भरून झाकणं आवळते. एक बाटली, एक शॉट. तरीही पावसाळ्यात दोन टिक जाड दळावं लागतंच.

पाण्याच्या बाबतीत मात्र आपण भाग्यवान. तानसा, मोडकसागर, भातसा, विहार, तुळशी आणि वैतरणेची दोन धरणं मिळून सात तलावांचं पाणी शहराला येतं, आणि ते मऊ असतं. आमच्याकडे उगाच आरओ होतं. त्यातून क्षार इतके निघून जातात की कॉफी पांचट लागते, चव बाहेर काढायला पाण्यात थोडे क्षार लागतातच. नळाचं पाणी साध्या फिल्टरमधून घेऊ लागले आणि तोच शॉट भरदार लागला. मे महिन्यात सोसायटीत टँकर आला की गणित बदलतं. ते पाणी जड, बॉयलरमध्ये पांढरा थर धरतं. तेव्हा लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून मशीनमधून फिरवायचं आणि मग साध्या पाण्याच्या चार टाक्या सोडायच्या. तीन टाक्यांवर थांबलात तर पुढची कॉफी सरबत होते, हा स्वानुभव.

दुधावरून घरात एकदाच खरं भांडण झालं. कॅपुचिनोला फेस यायला दूध थंड लागतं, फ्रिजमधलं, आणि न तापवलेलं. तापवून साय धरलेलं दूध वाफेवर धरलं की मोठे बुडबुडे येतात आणि सायीचे कण वाफेच्या नळीच्या भोकांत अडकतात. मी पिशवी फोडून दूध सरळ भांड्यात ओतलं आणि सासूबाई ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"न तापवलेलं दूध देणार आहेस माणसांना?"

"आई, डेअरीत पाश्चराइझ केलेलं असतं. बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद."

"पंधरा सेकंदांत बोटसुद्धा भाजत नाही."

बहात्तर अंशांवर बोट चांगलंच भाजतं, पण हे मी बोलले नाही. तह असा झाला की सहा टक्के फॅटच्या दुधाची अर्ध्या लिटरची एक पिशवी माझी, तिला रबरबँड. तिला कोणी तापवायचं नाही आणि त्यातलं त्यांच्या चहात जायचं नाही. वाफेची नळी दुधाच्या पृष्ठभागाला जेमतेम लागेल अशी धरायची. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा चुर्र आवाज चार-पाच सेकंद येऊ द्यायचा, मग नळी थोडी खाली आणि भांडं कलतं, दूध भोवऱ्यासारखं फिरलं पाहिजे. भांड्याला लावलेला तळहात टिकेना की बंद. साठ-पासष्ट अंश झालेले असतात, त्यापुढे दुधाचा गोडवा जातो. आणि एका बॉयलरच्या मशीनवर आधी कॉफी, मग वाफ. उलट केलंत तर बॉयलर वाफेच्या तापमानाला असतो आणि कॉफी करपते.

पानाफुलांच्या नक्षीचं विचारू नका. माझं पान अजून कांद्यासारखं येतं.

परवा नवी पिशवी उघडली. तीच कॉफी, तोच भाजणारा, दहा दिवस पुरते मुरवलेली. जुन्या टिकवर एकोणीस सेकंदांत छत्तीस ग्रॅम. सासूबाईंपुढे चमचा धरला.

"चिंच," त्या म्हणाल्या. "पण पिकलेली."

आज एक टिक बारीक केलं, तेवीस सेकंद. उद्या आणखी एक करून बघते. उद्या संकष्टी आहे. उपासाला कॉफी चालते, हे त्यांनी आजच सांगून ठेवलंय.